धक्क्याचा इतिहास

'सेकंडहँड' हा शब्द ज्या कुणी इंग्रजानं काढला, तो मोठा आशावादी माणूस असला पाहिजे. गाडीला फक्त दोनच हात लागले असतील असं त्याला वाटलं! आपल्याकडे सेकंडहँड म्हणून जी गाडी दारात येते, तिला लागलेल्या हातांचा हिशेब आर. टी. ओ.च्या पुस्तकातही पुरा सापडत नाही. मालकांचे हात वेगळे, ड्रायव्हरांचे वेगळे, मिस्त्रींचे काळे हात वेगळे. आणि गल्लीबोळांतून तिला मागून लागलेले हात तर कुणाच्या खिजगणतीतच नाहीत. प्रस्तुत लेखाचा विषय हे शेवटचे हात आहेत.

इतिहासकारांनी धक्क्याची फार उपेक्षा केलेली आहे. मुंबईकराला धक्का म्हटलं की भाऊचा धक्का आठवतो. पुणेकराला पाहुणे मुक्कामाला राहणार असं कळल्यावर जो बसतो तो आठवतो. पण सुरू न होणाऱ्या मोटारीला मारायचा जो धक्का, त्याच्याविषयी कुणी चार ओळी खरडलेल्या नाहीत. मोटारीचा शोध कुणी लावला हे शाळेच्या पुस्तकात असतं. ती सुरू झाली नाही तेव्हा कुणी काय केलं, हे नसतं. वास्तविक पहिल्या माहितीचा उपयोग परीक्षेपुरता, आणि दुसरी जन्मभर लागते.

हे मी अधिकारानं बोलतो. १९७९ ते १९९१ अशी बारा वर्षं माझ्याकडे एक गाडी होती. कुठल्या कंपनीची ते सांगणार नाही, कारण कंपनीचा त्यात काही दोष नव्हता. चौथ्या मालकाच्या दारात गाडी अडून बसली म्हणून कारखानदाराला बोल लावणं, म्हणजे सत्तरीतल्या माणसाच्या गुडघेदुखीबद्दल सुइणीला जाब विचारण्यासारखं आहे. गाडीचा मीटर पाच आकडी होता. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की तो सगळं विसरून पुन्हा शून्यापासून सुरुवात करी. (ही सोय माणसाला असती तर!) माझ्याकडे गाडी आली तेव्हा मीटरवर अकरा हजार आणि काही होते. हे अकरा हजार कितव्या जन्मातले, ते विकणाऱ्या गृहस्थांनी सांगितलं नाही आणि विचारायची पद्धत नव्हती. "डॉक्टरांची गाडी आहे," एवढंच ते म्हणाले. त्या काळी विकायला निघालेली प्रत्येक गाडी डॉक्टरांचीच असे. आपल्या देशात एवढे डॉक्टर होते तर लोक आजारी का पडत, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

असो. इतिहासाकडे वळू.

कार्ल बेंझ या जर्मन गृहस्थांनी १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं. तीन चाकं, मागे आडवं मोठं चक्र. ते हातानं गरकन फिरवलं की इंजिन सुरू. कधी होई, कधी न होई. गाडी झाली, पण ती विकत घेणार कोण? लोक लांबून बघत. अखेर ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नीनं, बर्था बेंझबाईंनी, एक दिवस भल्या पहाटे नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलगे बरोबर घेतले आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. फोर्त्सहाइम म्हणजे बाईंचं माहेर. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास माहेरी जाण्यासाठी झाला, ही गोष्ट एकाही जाहिरातवाल्याला अजून कशी सुचली नाही!

वाटेत जे घडलं ते आपल्या ओळखीचं आहे. पेट्रोलची नळी तुंबली. बाईंनी ती टोपीच्या पिनेनं साफ केली. करंटची तार उघडी पडली. ती मोज्याच्या बंदानं गुंडाळली. इंधन संपलं, वीसलोख गावी औषधाच्या दुकानातून लिग्रॉईन नावाचा द्रव विकत घेतला. तेच दुकान जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून आज मिरवतं. ब्रेक झिजले, चांभाराकडून त्यांच्यावर कातडं ठोकून घेतलं. आणि चढ आला तेव्हा? चढावर गाडी दम टाकी. मग खाली उतरून ढकला! म्हणजे लांबचा प्रवास, रस्त्यावरची दुरुस्ती आणि धक्का ही तिन्ही भावंडं एकाच दिवशी जन्मली. फोर्त्सहाइमला पोचल्यावर बाईंनी नवऱ्याला तार केली. परत आल्यावर, चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे, असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. तो त्यांनी मुकाट्यानं बसवला. यंत्रशास्त्राची प्रगती अशीच होते.

पुढे चक्र जाऊन हँडल आलं. गाडीच्या नाकात लोखंडी दांडा खुपसायचा आणि गरागरा फिरवायचा. यात एक मेख होती. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरे आणि दांडा मनगटावर बसे. मनगटाजवळचं एक हाड अशा रीतीनं इतक्या जणांचं मोडलं की डॉक्टरी पुस्तकांत ते मोडणं 'शोफरचं फ्रॅक्चर' या नावानं नोंदलं गेलं. जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला पहिला धडा देत तो हाच: हँडल धरताना अंगठा वेगळा करायचा नाही, चारी बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. मंत्र चुकला तरी चालेल, मुद्रा चुकता कामा नये.

या दांड्यापासून मानवजातीची सुटका केली चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं. हा आधी गल्ला मोजायची यंत्रं करणाऱ्या कारखान्यात होता, आणि त्या यंत्राला त्यानं विजेची छोटी मोटर बसवली होती. तिथे त्याच्या लक्षात आलं की, दिवसभर राबायचं नसेल आणि क्षणभरच जोर लावायचा असेल, तर लहान मोटरसुद्धा मोठं काम करते. (हे कित्येक साहेबलोकांनाही साधलेलं आहे.) त्यातून १९१२ च्या कॅडिलॅक गाडीला 'सेल्फ' आला. बटन दाबा, गाडी सुरू. फोर्डची मॉडेल टी मात्र १९०८ पासून हँडलवरच चालत होती. तिला सेल्फ मिळायला १९१९ साल उजाडलं.

बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांच्या जोरावर ठिणगी पाडायची रीत रूढ केली तीही याच केटरिंगनं. म्हणजे बटन दाबल्यावर इंजिन फिरतं ते त्याच्यामुळे, आणि फिरूनही पेटत नाही तेही बऱ्याचदा त्याच्याच पॉइंटमुळे. देव वर देतात तो नेहमी तपशिलात राखून ठेवून देतात.

आता भारतात येऊ. आपल्याकडे मोटारी तशा लवकर आल्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला सुटे भाग जोडून गाड्या करायचा कारखाना काढला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर कंपनी काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स त्याच्या दोन वर्षं आधीची. मग १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं की, नुसते भाग जोडणारे नकोत, जो इथे खरोखर गाडी बनवील त्यानंच राहावं. परदेशी मंडळींनी गाशा गुंडाळला. उरलेल्यांत मोठे दोनच: कलकत्त्याजवळ ॲम्बॅसडर आणि मुंबईत फियाट, जिचं पुढे 'पद्मिनी' असं बारसं झालं. १९६४ साली फियाटचं जे रूप ठरलं, ते चारदोन दागिने बदलून शेवटपर्यंत टिकलं. ॲम्बॅसडरनं तर तेवढाही नट्टापट्टा केला नाही.

गाड्या थोड्या, मागणारे फार. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. काहींचा नंबर पुढच्या पिढीच्या मुंजीला लागला. ज्याला गाडी मिळे, त्यानं ती दुसऱ्या दिवशी विकली तरी दिलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे येत. सोनं आणि मोटार या दोनच वस्तू वापरून महाग होत. अशा देशात गाडी मरणार कशी? तिला मरायची परवानगीच नव्हती. सिलिंडर झिजले, रिबोअर करा. पुन्हा झिजले, स्लीव्ह घाला. दार सडलं, पत्रा ठोका. लाख-दीड लाख मैल झालेली गाडी ही म्हातारी समजत नसत, संसारात पडलेली समजत. आणि ज्या घरात म्हातारं माणूस असतं तिथे जसं सगळ्यांनाच थोडंथोडं वैद्यक येतं, तसं त्या काळात सगळ्या देशाला थोडंथोडं मोटारीचं येत होतं.

ते शास्त्र एरवी कुठे लिहून ठेवलेलं नाही, म्हणून इथे नोंदवतो. आमचे मिस्त्री सांगत: "गाडीला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. चौथं काही नाही. बाकी सगळी शोभा." गाडी सुरू होत नाही, म्हणजे या तिघांतला कुणीतरी रजेवर आहे. पण आधी हे बघायचं की इंजिन फिरतंय का. दिवे लावायचे आणि सेल्फ दाबायचा. दिवे मुळात लागतच नाहीत, तर बॅटरी गेली. दिवे लागले, पण सेल्फ दाबताच मान टाकली, तर बॅटरी अर्धपोटी आहे, नाहीतर टर्मिनलवर पांढरा-हिरवा मोरचूद साचला आहे. त्यावर गरम पाणी ओतायचं, घासायचं, आवळायचं. गाडीच्या निम्म्या तक्रारी गरम पाण्यानं बऱ्या होतात, माणसाच्याही होतात. दिवे झक्क, आणि आतून नुसतं 'टक्', तर दुखणं सेल्फमध्ये.

इंजिन खुर्रर्र खुर्रर्र फिरतंय पण पेटत नाही, तर ठिणगी बघायची. एका प्लगची तार काढून तिचं टोक लोखंडाजवळ धरायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. (हा दुसरा माणूस विश्वासातला हवा.) ठिणगी निळी पडली तर उत्तम. पिवळी, मरगळलेली पडली तर पॉइंट काळे झालेत. पॉलिश पेपरनं घासा. पडलीच नाही तर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडा. पावसाळ्यात तिथे हटकून ओल धरते, आणि ओल धरली की करंट भलत्या वाटेनं पसार होतो. ठिणगी ठीक असेल तर मग पेट्रोल. काटा काय म्हणतो ते ऐकू नये, काटे खोटं बोलतात. टाकीत काठी घालून बघावं. पेट्रोलचा भपकारा येत असेल तर चोक जास्त ओढल्यामुळे प्लग भिजलेत, काढून पुसा. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात गाडी बंद पडली तर पेट्रोलचीच वाफ होऊन नळीत अडकलेली असते. पंपावर ओलं फडकं टाका, आणि तोवर कणसं खा.

एवढं करूनही सुरू झाली नाही तर धक्का. धक्क्याचंही शास्त्र आहे. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. मागच्यांनी वेग दिला की क्लच एकदम सोडायचा. गाडी आचका देते, फुरफुरते आणि पेटते. पेटली की थांबायचं नाही, कारण थांबलं तर पुन्हा तेच. त्यामुळे ज्यांनी धक्का मारला त्यांचे आभार मानणं हे धक्क्याच्या शास्त्रात बसत नाही. ते धुरात मागे उभे असतात, आणि आपण खिडकीतून हात हलवत पुढे जातो. एवढं निरपेक्ष परोपकाराचं उदाहरण मला तरी दुसरं ठाऊक नाही.

१९८२ च्या जुलैतली एक रात्र सांगतो. आम्ही तेव्हा नायगावात राहत होतो. आमच्या शेजारी एक बँकवाले काका होते. माझी गाडी त्यांच्या खिडकीखाली उभी असे, आणि सकाळी सेल्फच्या आवाजानं त्यांची झोप मोडते यावरून आमच्यात दोन वर्षं बोलणं नव्हतं. रात्री दोनला त्यांनी माझं दार वाजवलं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या होत्या. बाहेर पाऊस असा की समोरची बिल्डिंग दिसेना. टॅक्सीचं नाव नाही. काका नुसते म्हणाले, "गाडी..." आणि गप्प झाले.

मुलीला आणि काकूंना मागे बसवलं. सेल्फ मारला. खुर्रर्र... खुर्रर्र... खुर्र... खु... आणि संपलं. बॅटरीनं राम म्हटला. मागून मुलीचा दाबलेला आवाज आला. एवढ्यात समोरच्या चाळीतला एक माणूस डोक्यावर गोणपाट घेऊन आला. गिरणीत फिटर होता. गिरण्यांचा संप त्या वर्षी १८ जानेवारीला सुरू झालेला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले होते, त्यांतला हा एक. त्यानं बॉनेट उघडायला लावलं, माझ्या हातात बॅटरी दिली (म्हणजे टॉर्च, दुसरी बॅटरी आता नावालाच उरली होती), डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं आणि आत बोट फिरवून मला दाखवलं. बोट ओलं. "कोरडं फडकं!" काकांनी घरात पळत जाऊन जे हाताला लागलं ते आणलं. ते देवाचं सोवळं होतं. काका त्याबद्दल नंतरही कधी काही बोलले नाहीत. फिटरनं चष्मा पुसावा तशा हळुवारपणे झाकण आतून-बाहेरून पुसलं, बसवलं, आणि चाळीकडे तोंड करून एकच हाक मारली.

दोन मिनिटांत आठदहा माणसं जमली. कुणी लुंगीवर, कुणी बनियनवर, कुणी नुसतेच. सहा महिने पगार नसलेली माणसं होती ती. घोट्याएवढं पाणी, गल्लीला नावालाही उतार नाही. काकाही धोतर खोचून मागे लागले. "हं, मारा!" पहिल्यांदा नुसता आचका. दुसऱ्यांदा फुरफुर. तिसऱ्यांदा अशी काही पेटली की अख्खी गल्ली ओरडली. नियमाप्रमाणे मी थांबलो नाही.

मुलगी झाली. सुखरूप. दुसऱ्या दिवशी काका फिटरला काही द्यायला गेले, तर त्यानं घेतलं नाही. म्हणाला, "राहू दे साहेब. सहा महिन्यांत पहिल्यांदा हातानं काहीतरी चालू केलं." तो संप रीतसर असा कधी मिटलाच नाही. फिटर पुढल्या वर्षी गावी निघून गेला.

त्याच पुढल्या वर्षी, १९८३ च्या डिसेंबरात, मारुती आली. पहिल्या सेल्फला सुरू होई; लोकांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मग हळूहळू पॉइंट गेले, चोक गेला, आणि नवं शतक उजाडता उजाडता कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी संगणकाच्या हुकमानं पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली. नव्या गाड्या क्वचितच अडतात, धूर कमी ओकतात, पेट्रोल कमी पितात. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. जुन्या गाडीचे गोडवे गाणाऱ्याला पहाटे पाच वाजता थंडीत तिच्यापुढे नेऊन उभा करावा. २०१४ मध्ये ॲम्बॅसडर बंद झाली. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी रीतसर उरली नाही. अनेकांनी फोटो काढले, हळहळले, आणि एअर कंडिशन्ड गाडीत बसून घरी गेले. मीही गेलो.

पण इतिहास लिहायला घेतला की शेवटपर्यंत लिहावा लागतो. माझा पुतण्या लालबागेत एका उंच इमारतीत राहतो. तिथे पूर्वी गिरणी होती. परवा त्याची गाडी तळघरात अडली. गिअर आपोआप बदलणारी, बटनावर सुरू होणारी. पडद्यावर काहीतरी तांबडं लुकलुकत होतं. त्यानं फोनवर तक्रार नोंदवली. तीन तासांत माणूस येईल असं उत्तर आलं. आजूबाजूला पाचसहा जण उभे राहिले, हळहळले, आणि हात खिशात घालून लिफ्टकडे गेले. त्यांचंही काही चुकलं नाही. बॉनेटखाली बघायला सबंध काळं प्लॅस्टिकचं झाकण. हात घालायचा कुठे?

साठीतला वॉचमन तेवढा थांबला. बाह्या वर सारत म्हणाला, "साहेब, धक्का मारू का?"

"नाही हो मामा. ही धक्क्यानं सुरू होत नाही."

वॉचमननं गाडीकडे एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिलं. मग बाह्या खाली करत म्हणाला, "आणि रात्री दोनला कुणाला न्यायचं झालं, तर?"

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इतिहासकार असल्यामुळे भविष्याबद्दल काही बोललो नाही.